चालत्या प्रणालीतील पालट : डेबियनमधील पॅकेज-अपग्रेडची प्रस्तावना

इंटरनेटला जोडलेल्या संगणकावर एकदा बसवलेले सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे जसेच्या तसे ठेवता येत नाही, कारण त्यातील दोष हळूहळू उजेडात येतात आणि उजेडात आलेला दोष तसाच राहू दिला तर त्याचा गैरफायदा घेणे कोणालाही सोपे जाते. परंतु दुरुस्ती करायची म्हणजे लोकांच्या रोजच्या कामात असलेल्या यंत्रणेचे भाग ती चालू असतानाच बदलायचे, आणि असा बदल स्वतःच बिघाडाचे निमित्त ठरू शकतो. या पेचामुळे प्रशासकांचे, म्हणजे यंत्रणा सांभाळणाऱ्यांचे, सामान्यतः दोन पक्ष पडतात: ‘चालते आहे ना, मग हात लावू नका’ असे म्हणणारे आणि नवी आवृत्ती दिसताच ती बसवून मोकळे होणारे. दोन्ही पक्षांचा अनुभव खरा असतो, पण अपग्रेड म्हणजे एक कमांड आणि ती संपली की काम संपले, हे दोघेही गृहीत धरून चालतात. प्रस्तुत ग्रंथ या गृहीतकालाच हरकत घेतो. पॅकेज-व्यवस्थापक हे साधन डिस्कवरील फायलींची परस्पर सुसंगती राखण्याची हमी देते आणि ती आश्चर्य वाटावे इतक्या चोखपणे पाळते. मात्र स्मृतीत आधीपासून चालू असलेले प्रोग्रॅम, प्रशासकाने स्वतः लिहिलेले कॉन्फिगरेशन आणि वापरकर्त्यांचा साठलेला विदा यांच्याविषयी ते थोडेच बोलते, कधी मुळीच बोलत नाही. ही हमी नेमकी कुठे संपते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हातून अपग्रेड सुरक्षितपणे पार पडण्याची शक्यता अधिक.

विवेचनासाठी डेबियन ही एकच प्रणाली निवडली आहे, आणि त्यामागे सोयीपेक्षा अधिक काही कारणे आहेत. इयन मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाने पॅकेजांविषयीचे नियम लिखित धोरणाच्या रूपाने मांडले आणि ते हजारो पॅकेजांना सारखेच लागू केले, त्यामुळे येथे एका पॅकेजाबद्दल जे शिकावे ते बहुधा सर्वांना लागू पडते. उबंटू ही प्रणाली डेबियनमधूनच निघाली; सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. व्याप्तीचा अंदाज यावा म्हणून एवढेच नोंदवावे की जून १९९६ मधील ‘बझ’ या आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती, तर ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘ट्रिक्सी’ म्हणजे तेराव्या आवृत्तीत ती सुमारे ७० हजार आहेत.

पॅकेज म्हणजे एखादा प्रोग्रॅम, त्याला लागणाऱ्या फायली, त्या बसवताना व काढताना चालवायच्या छोट्या स्क्रिप्ट आणि त्या सर्वांविषयीची माहिती यांचा एकत्र बांधलेला संच. या माहितीतील सर्वांत महत्त्वाचा भाग अवलंबित्वाचा, म्हणजे अमुक पॅकेज चालण्यासाठी तमुक पॅकेज, तेही अमुक आवृत्तीचे किंवा त्याहून नवे, बसवलेले असले पाहिजे या अटींचा असतो. त्यांच्या जोडीला ‘हे पॅकेज त्या पॅकेजाबरोबर नांदू शकत नाही’ किंवा ‘हे आले की त्याची जुनी आवृत्ती मोडते’ अशा उलट दिशेच्या अटीही असतात. डेबियनमध्ये प्रत्यक्ष पॅकेज उघडून बसवण्याचे काम ‘डीपीकेजी’ हे साधन करते, आणि कोणती पॅकेजे कुठून आणायची, कोणत्या क्रमाने बसवायची हे त्याच्या वर बसलेले ‘ॲप्ट’ ठरवते, जे १९९८ मध्ये प्रथम पुढे आले आणि मार्च १९९९ च्या ‘स्लिंक’ आवृत्तीपासून डेबियनचा भाग झाले. या श्रमविभागणीचे भान असलेला प्रशासक अडचणीच्या वेळी नेमका कोणाला प्रश्न विचारायचा हे जाणतो. डीपीकेजीची तक्रार आणि ॲप्टची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीवरचा उपाय दुसरीवर चालवल्याने साधा बिघाड अवघड होऊन बसतो.

अटींचे हे जाळे सोडवणे वाटते तितके सोपे नाही. दिलेल्या संग्रहातून एखादे पॅकेज सर्व अटी पाळून बसवता येईल की नाही हा प्रश्न गणनशास्त्रात ‘एनपी-कम्प्लीट’ म्हटल्या जाणाऱ्या वर्गात मोडतो, म्हणजे प्रत्येक प्रसंगी झटपट अचूक उत्तर देईल अशी कोणतीही रीत ज्ञात नाही. व्यवहारात ॲप्ट बहुतेक वेळा समाधानकारक उत्तर काढते, पण ते उत्तर प्रशासकाच्या मनातले असेलच असे नाही. म्हणूनच ॲप्टने अपग्रेडचे कमी-अधिक मोकळीक असलेले प्रकार ठेवले आहेत. ‘ॲप्ट-गेट अपडेट’ ही कमांड एकाही प्रोग्रॅमला हात लावत नाही, ती केवळ उपलब्ध पॅकेजांच्या याद्या ताज्या करते. ‘ॲप्ट-गेट अपग्रेड’ बसवलेली पॅकेजे नव्या आवृत्तीवर नेते, परंतु त्यासाठी एखादे जुने पॅकेज काढावे किंवा नवे आणावे लागणार असेल तर ते पॅकेज तसेच मागे ठेवते. ‘ॲप्ट अपग्रेड’ नवे आणते पण जुने काढत नाही. आणि ‘फुल-अपग्रेड’ला काढण्याचीही मुभा असते. या शेवटच्या मुभेमुळेच ‘पुढील पॅकेजे काढली जातील’ या मथळ्याखालची यादी ही अपग्रेडमधील सर्वांत लक्षपूर्वक वाचण्याची जागा ठरते, आणि घाईत ‘वाय’ दाबण्याची सवय लागलेल्या बोटांचे सर्वाधिक नुकसानही तेथेच होते. प्रणालीच्या अस्तित्वालाच आवश्यक ठरवलेले पॅकेज काढायची वेळ आल्यास एका अक्षरावर भागत नाही. ॲप्ट ‘येस, डू अ‍ॅज आय से!’ हे संपूर्ण वाक्य पूर्वी उद्गारचिन्हासह टंकायला लावत असे, आणि असे वाक्य टंकावे लागत आहे यातच काय ते समजून घ्यायचे असे. प्रत्यक्ष काही न बदलता केवळ काय घडेल ते सांगणारा ‘सिम्युलेट’ हा पर्याय फुकट मिळतो, तरी तो फार थोडे लोक वापरतात.

आणलेले पॅकेज खरोखर डेबियनचेच आहे याची खात्री कशी होते, हा यापुढचा प्रश्न. प्रत्येक संग्रहाबरोबर ‘रिलीज’ नावाची एक फाइल असते, तिच्यावर प्रकल्पाच्या गुप्त चावीने अंकीय सही केलेली असते. त्या फायलीत पॅकेजांच्या याद्यांचे हॅश, म्हणजे आशयावरून गणिताने काढलेले ठसे, दिलेले असतात आणि त्या याद्यांत प्रत्येक पॅकेजाचा ठसा असतो, त्यामुळे एका सहीवरून संपूर्ण संग्रहाची शहानिशा होते आणि पॅकेज वाटेत कोणत्या सर्व्हरवरून आले याला महत्त्व उरत नाही. ही साखळी भक्कम आहे, पण ती तपासणारा प्रोग्रॅमही शेवटी प्रोग्रॅमच. जानेवारी २०१९ मध्ये मॅक्स जस्टिच यांनी दाखवून दिले की ॲप्ट एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे वळवले जात असताना मध्ये बसलेला हल्लेखोर त्याला खोटी माहिती पुरवून स्वतःचे पॅकेज सर्वाधिकारांसह बसवायला लावू शकतो. अपग्रेड करण्याच्या साधनातच दोष, आणि तो दुरुस्त करायचा तर तेच साधन वापरायचे, अशी ही अडचण होती. डेबियनने त्या एका अपग्रेडपुरते सर्व्हर वळवण्याची सोय बंद ठेवून ॲप्ट चालवण्याचा सल्ला दिला.

एका पॅकेजाचे अपग्रेड होताना आत काय घडते ते येथे थोडे जवळून पाहणे उपयोगाचे आहे. प्रथम जुन्या पॅकेजाची ‘काढण्यापूर्वीची’ स्क्रिप्ट चालते, मग नव्या पॅकेजाची ‘बसवण्यापूर्वीची’. त्यानंतर नव्या फायली उघडल्या जातात, जुन्या पॅकेजाची ‘काढल्यानंतरची’ स्क्रिप्ट चालते, आणि सर्वांत शेवटी, कधी लगेच तर कधी इतर डझनभर पॅकेजे उघडून झाल्यावर, नव्या पॅकेजाची ‘बसवल्यानंतरची’ स्क्रिप्ट चालून ते ‘कॉन्फिगर’ झाले असे नोंदले जाते. उघडलेले पण कॉन्फिगर न झालेले पॅकेज ही डीपीकेजीच्या दृष्टीने एक रीतसर अवस्था आहे आणि तिची नोंद ‘स्टेटस’ या साध्या मजकुराच्या फायलीत होते. याचा फार मोठा फायदा असा की मध्येच वीज गेली, डिस्क भरली किंवा एखादी स्क्रिप्ट अडखळली तरी काम कुठवर आले होते हे प्रणालीला माहीत असते, आणि ‘डीपीकेजी’ला ‘कॉन्फिगर’ व ‘ए’ हे पर्याय देऊन चालवले की उरलेली पॅकेजे क्रमाने पूर्ण केली जातात. अर्धवट अपग्रेडने घाबरलेले प्रशासक बहुधा याच वेळी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतात किंवा कुलूप म्हणून ठेवलेली फाइल हाताने पुसून टाकतात, आणि हे दोन्ही उपाय मूळ अडचणीपेक्षा वाईट आहेत.

डिस्कवरची प्रत्येक फाइल बदलतानाही हीच सावधगिरी दिसते. डीपीकेजी नवी फाइल आधी ‘डीपीकेजी-न्यू’ असे शेपूट लावून शेजारी लिहिते, ती खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करते आणि मग एकाच क्रियेत तिचे नाव बदलून जुन्या नावावर आणते. युनिक्समध्ये ही नामबदलाची क्रिया अखंड असते, म्हणजे पाहणाऱ्याला जुनी फाइल दिसते किंवा नवी, अर्धी कधीच नाही. पण युनिक्सच्या याच गुणधर्मात अपग्रेडमधला सर्वांत फसवा धोका दडलेला आहे. फाइलचे नाव ही दारावरची पाटी आहे, आत राहणारा माणूस नव्हे. पाटी बदलली तरी जुन्या फाइलचा आशय, ज्याला युनिक्सच्या परिभाषेत आयनोड म्हणतात त्या नोंदीसह, शेवटचा प्रोग्रॅम तिला सोडेपर्यंत डिस्कवर तसाच राहतो. त्यामुळे आधीपासून चालू असलेला वेब-सर्व्हर जुन्या लायब्ररीवरच, म्हणजे अनेक प्रोग्रॅमांनी सामाईक वापरायच्या जुन्या संहितेवरच, काम करत राहतो, आणि अपग्रेड झाल्याचे मात्र सर्व नोंदी सांगत असतात.

याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात हे ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेल्या ‘हार्टब्लीड’ दोषाने दाखवून दिले. ओपनएसएसएल या सांकेतीकरणाच्या लायब्ररीतील एका चुकीमुळे सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर, प्रसंगी गुप्त चाव्यासुद्धा, बाहेरून वाचता येत होता. डेबियनने दुरुस्त पॅकेज तातडीने दिले, पण ते बसवूनही ज्यांनी सेवा पुन्हा सुरू केल्या नाहीत त्यांच्या यंत्रांवर जुनी, दोषी लायब्ररीच स्मृतीत चालू राहिली. म्हणून लगोलग पॅकेजाची आणखी एक सुधारित आवृत्ती काढण्यात आली, जिचे वैशिष्ट्य एवढेच होते की ती या लायब्ररीवर अवलंबून असलेल्या सेवा शोधून त्या पुन्हा सुरू करू का असे अपग्रेडच्या वेळीच विचारत असे. दोष दुरुस्त करणाऱ्या संहितेइतकेच महत्त्व ती संहिता प्रत्यक्ष चालू होण्याला आहे, याची ही जवळजवळ अधिकृत कबुली होती. आज ‘नीडरिस्टार्ट’ हे साधन चालू प्रक्रियांच्या स्मृतीत पुसल्या गेलेल्या फायली अजून वापरात आहेत का हे तपासून त्या त्या सेवांची यादी देते. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला असेल तर मात्र यंत्र पुन्हा सुरू करण्यावाचून सामान्यतः गत्यंतर नसते, आणि डेबियन नव्या कर्नलशेजारी जुनाही ठेवते तो त्यासाठीच, की नव्यावर यंत्र उठले नाही तर जुन्यावर उठवता यावे.

हार्टब्लीडच्या सहा वर्षे आधीचे उदाहरण याहून बोलके आहे, आणि ते डेबियनच्या स्वतःच्या चुकीचे आहे. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल पॅकेजात, एका तपासणी-साधनाच्या तक्रारी बंद करण्याच्या हेतूने, यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या भागातील दोन ओळी काढल्या गेल्या, आणि त्यासरशी त्या भागाला मिळणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी होऊन प्रक्रियेचा क्रमांक तेवढा उरला, जो तेव्हाच्या प्रणालींवर सामान्यतः ३२,७६८ च्या आतच असे. परिणामी या काळात तयार झालेल्या चाव्या इतक्या थोड्या होत्या की त्या सर्व आधीच काढून ठेवता येत होत्या. हा दोष लुसियानो बेल्लो यांनी शोधला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला. येथे पॅकेज अपग्रेड करणे, सेवा पुन्हा सुरू करणे, इतकेच काय यंत्र नव्याने उठवणे हे सारे केले तरी धोका टळत नव्हता, कारण दोष संहितेतून निघून चाव्यांमध्ये जाऊन बसला होता. त्या चाव्या इतर यंत्रांवरही नेल्या गेल्या होत्या आणि ती यंत्रे डेबियनची असण्याचीही गरज नव्हती. म्हणून ओपनएसएसएच या दूरस्थ प्रवेशाच्या पॅकेजाबरोबर कमकुवत चाव्यांची काळी यादी दिली गेली आणि चाव्या नव्याने काढण्याचे काम प्रशासकांना करावे लागले. सुरक्षाविषयक सूचना शेवटपर्यंत वाचाव्यात असा आग्रह या ग्रंथात वारंवार येतो, त्याला आधार या प्रकरणाचा आहे.

कॉन्फिगरेशनच्या बाबतीत डीपीकेजीची वागणूक विचारपूर्वक ठरवलेली आहे. ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील ज्या फायली पॅकेजाने ‘कॉन्फफाइल’ म्हणून घोषित केलेल्या असतात त्यांचा मूळ ठसा ते जपून ठेवते आणि अपग्रेडच्या वेळी तीन गोष्टी ताडून पाहते: मागील पॅकेजाने दिलेली फाइल, डिस्कवर सध्या असलेली फाइल आणि नव्या पॅकेजातील फाइल. प्रशासकाने काही बदलले नसेल तर नवी फाइल निमूटपणे बसते. प्रशासकाने बदलले असेल पण पॅकेजातील फाइल तीच असेल तर प्रशासकाची फाइल राहते. दोन्ही बाजूंनी बदल झाला असेल तेव्हाच ते थांबून विचारते. या प्रश्नाला ‘एन’ हे उत्तर, जे काहीही न लिहिता एंटर दाबल्यावरही धरले जाते, जुनी फाइल ठेवून नवी ‘डीपीकेजी-डिस्ट’ या शेपटाने शेजारी ठेवते. ‘वाय’ म्हटल्यास नवी फाइल बसते आणि जुनी ‘डीपीकेजी-ओल्ड’ म्हणून उरते. ‘डी’ दोहोंतील फरक दाखवते आणि ‘झेड’ तात्पुरते बाहेर पडून स्वतः पाहू देते. बहुतेक जण एंटर दाबतात. त्यात लगेच काही बिघडत नाही, आणि हीच अडचण आहे; नव्या आवृत्तीने सोडून दिलेला एखादा जुना पर्याय तसाच राहतो आणि पुढच्या वेळी सेवा सुरू होताना, म्हणजे कदाचित काही महिन्यांनी, त्याचा जाब विचारला जातो. अपग्रेडनंतर ‘डीपीकेजी-डिस्ट’ शेपटाच्या फायली शोधून त्या सवडीने पाहणे, आणि जोई हेस यांनी घडवलेल्या ‘ईटीसीकीपर’सारख्या साधनाने संपूर्ण ‘ईटीसी’ आवृत्ती-नोंदीखाली ठेवणे, हे दोन उपाय थोड्या कष्टात पुष्कळ काही देतात.

विद्याचा प्रश्न या सर्वांहून नाजूक आहे. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या प्रमुख आवृत्त्यांमध्ये डिस्कवरील रचना बदलते, म्हणून डेबियन जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी शेजारी बसू देते आणि विदा हलवण्याचा निर्णय प्रशासकावर सोडते. डेबियनच्या बाराव्या आवृत्तीतून तेराव्या आवृत्तीत जाताना पोस्टग्रेएसक्यूएल १५ वरून १७ वर येते, पण विदा आपण होऊन हलत नाही, आणि हे योग्यच आहे. मात्र विद्याला धक्का लागण्यासाठी डेटाबेसचेच पॅकेज बदलावे लागते असे नाही. डेबियनच्या २०१९ मधील दहाव्या आवृत्तीत ‘जीलिबसी’ ही पायाभूत लायब्ररी २.२८ वर आली, आणि तिच्यात अक्षरांची क्रमवारी लावण्याचे नियम आंतरराष्ट्रीय मानकानुसार सुधारले गेले होते. ‘१-१’ आणि ‘११’ या दोन मजकुरांपैकी आधी कोणता, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी बदलले. पोस्टग्रेएसक्यूएलच्या मजकुरावरील अनुक्रमणिका याच नियमांनुसार लावून ठेवलेल्या असत. नियम बदलले, अनुक्रमणिका मात्र जुन्या क्रमाने तशाच डिस्कवर राहिल्या, आणि त्यातून असलेली नोंद शोधून न सापडणे, किंवा एकमेव असायला हवी ती नोंद दुसऱ्यांदा स्वीकारली जाणे, असे प्रकार संभवले. एकही पॅकेज मोडले नव्हते, एकही स्क्रिप्ट अडखळली नव्हती, ॲप्ट आणि डीपीकेजी दोघांनीही आपापले काम निर्दोष पार पाडले होते. अनुक्रमणिका पुन्हा बांधणे हा उपाय साधा होता, पण तो करायला हवा हे कळण्यासाठी आवृत्ती-टिपणे वाचणे भाग होते. डेबियनच्या संपूर्ण इतिहासात, या ग्रंथाच्या दृष्टीने, याहून शिकवणारे प्रकरण नाही. खेदाची गोष्ट अशी की त्याची चर्चा डेटाबेसच्या जाणकारांपुरतीच राहिली.

नव्या आवृत्तीला सुरक्षित आवृत्ती समजण्याची चूक येथे दूर करणे आवश्यक आहे. डेबियनच्या स्थिर शाखेत सॉफ्टवेअरची आवृत्ती गोठवलेली असते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या तेवढ्या मागे आणून तिच्यात मिसळल्या जातात. हार्टब्लीडची दुरुस्ती सातव्या आवृत्तीत ‘१.०.१ई-२+डेब७यू५’ या क्रमांकाने आली, म्हणजे मूळ क्रमांक दोषी असलेला १.०.१ई हाच राहिला आणि दुरुस्तीची खूण शेपटात आली, ज्यामुळे केवळ पहिला भाग वाचून निष्कर्ष काढणारी तपासणी-साधने आजही प्रशासकांना विनाकारण त्रास देतात. याची दुसरी बाजू २९ मार्च २०२४ रोजी दिसली, जेव्हा आंद्रेस फ्रॉइंड यांनी दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे एवढ्या सुताने जाऊन ‘एक्सझेड’ या संपीडन-लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम घुसवलेले चोरदार उघडकीस आणले. त्या आवृत्त्या डेबियनच्या अस्थिर व चाचणी शाखांत पोहोचल्या होत्या, स्थिर शाखेत नव्हत्या. मागे जाताना डेबियनने जे पॅकेज काढले त्याचा क्रमांक ‘५.६.१+रिअली५.४.५-१’ असा होता, कारण ॲप्टच्या लेखी क्रमांक कमी झालेले पॅकेज अपग्रेड ठरत नाही आणि संग्रहात क्रमांक वाढतच गेला पाहिजे. म्हणून जुना आशय मोठ्या क्रमांकाच्या वेष्टनात पाठवावा लागला. अर्थात स्थिर शाखेचे हे संरक्षण कायमचे नसते. एका आवृत्तीला सामान्यतः तीन वर्षे पूर्ण आणि नंतर दोन वर्षे मर्यादित स्वरूपाचा आधार मिळतो, आणि तो संपला की पुढच्या आवृत्तीवर जावेच लागते.

एका आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाणे हे रोजच्या अपग्रेडहून वेगळे काम आहे, आणि मधली आवृत्ती वगळून उडी मारण्याला डेबियनचा पाठिंबा नाही, कारण पॅकेजांच्या स्क्रिप्ट फक्त लगतच्या मागील आवृत्तीवरून येणे गृहीत धरून लिहिलेल्या असतात. तेराव्या आवृत्तीचेच उदाहरण घेता, ३२ बिटांत साठवलेला काळ १९ जानेवारी २०३८ रोजी संपतो या जुन्या अडचणीवर उपाय म्हणून अनेक लायब्ररी-पॅकेजांची नावे ‘टी६४’ हे शेपूट लावून बदलली गेली. नाव बदलले म्हणजे नवे पॅकेज आणायचे आणि जुने काढायचे, जे साध्या ‘अपग्रेड’ला करता येत नाही. म्हणून आधी किमान अपग्रेड आणि मग ‘फुल-अपग्रेड’ असा दोन टप्प्यांचा क्रम सुचवला जातो, आणि त्यापूर्वी बाहेरच्या संग्रहांतून आणलेली पॅकेजे, रोखून धरलेली पॅकेजे व डिस्कवरील मोकळी जागा तपासण्यास सांगितले जाते. दूरच्या यंत्रावर हे काम करताना ते ‘स्क्रीन’ किंवा ‘टीमक्स’ यांच्या आत करावे, म्हणजे जोडणी तुटली तरी टर्मिनलबरोबर अपग्रेड मरत नाही आणि परत येऊन ते पुढे पाहता येते. पुण्यात बसून परदेशातील डेटा-सेंटरमधला सर्व्हर सांभाळणाऱ्याला हे वेगळे सांगावे लागू नये, तरी सांगावे लागते.

मागे फिरण्याविषयी डेबियनची भूमिका स्पष्ट आहे: जुनी पॅकेजे ‘स्नॅपशॉट’ संग्रहात मिळतात आणि ती बसवण्यास ॲप्टला भागही पाडता येते, पण पॅकेजांच्या स्क्रिप्ट उलट दिशेने जाण्यासाठी लिहिलेल्या नसतात, त्यामुळे तो मार्ग एखाद्या पॅकेजापुरता आणि स्वतःच्या जबाबदारीवर. परतीचा खरा मार्ग आधी काढलेल्या प्रतीतून जातो, मग ती फाइल-प्रणालीची क्षणप्रत असो किंवा ‘ईटीसी’, डीपीकेजीच्या नोंदी, पॅकेजांच्या निवडीची यादी आणि विदा यांची रीतसर नक्कल असो. एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ मधील प्रबंधातून पुढे आलेल्या ‘निक्स’ने प्रत्येक आवृत्ती वेगळ्या जागी ठेवून मागे फिरणे जवळजवळ क्षणात होणारे काम करून दाखवले, आणि डेबियनच्या पद्धतीवरची ती सर्वांत गंभीर टीका आहे, परंतु तेथेही डेटाबेसमधील विदा आपोआप मागे जात नाही, आणि नव्या आवृत्तीने एकदा रचना बदलून लिहिलेला विदा जुनीला वाचता येईलच असे नाही. फ्रीबीएसडीची परंपरा आणखी वेगळी. तेथे मूळ प्रणाली आणि बाहेरची पॅकेजे यांत स्पष्ट सीमा आखलेली असून पोर्ट्स संग्रहातील ‘अपडेटिंग’ ही फाइल अपग्रेडपूर्वी वाचणे हा शिष्टाचारच मानला जातो.

कंटेनरांच्या, म्हणजे प्रोग्रॅम व त्याच्या लायब्ररी एका बंद प्रतिमेत बांधून चालवण्याच्या, पद्धतीत पॅकेजे जागेवर अपग्रेड न करता संपूर्ण प्रतिमाच नव्याने बांधतात, त्यामुळे अर्धवट अवस्था आणि स्मृतीत राहिलेली जुनी लायब्ररी हे दोन प्रश्न बरेचसे मिटतात. त्या पद्धतीचा स्वतंत्र विचार या ग्रंथात केलेला नाही. मात्र डेबियनवर आधारलेली प्रतिमा बांधतानाही आत ॲप्ट आणि डीपीकेजीच चालतात, आणि प्रतिमेबाहेर ठेवलेल्या विद्यासमोर नवी जीलिबसी किंवा नवा डेटाबेस आला की अनुक्रमणिकांचा प्रश्न तेथेही तसाच उभा राहतो, म्हणून त्या वाचकांनी निदान विदा आणि कॉन्फिगरेशन यांवरील प्रकरणे वगळू नयेत.